होममधली देखभाल आणि त्या देखभालीवरची देखरेख

सांखळीची थोरली

नमस्कार. माझा धाकटा भाऊ 43 वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे आणि नवव्या वर्षापासून अपस्माराचा त्रास आहे. वडील गेल्यावर आईला एकटीला त्याचे सगळे करणे झेपेना. आता ती 78 वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही त्याला गोव्यातल्याच एका खाजगी होममध्ये ठेवले. एक जुना मोठा बंगला, त्यात अकरा प्रौढ माणसे, दिवसा तीन आणि रात्री एक काळजीवाहक, अशी तिथली रचना आहे. माहितीपत्रकात ‘आधारासह स्वतंत्र जीवन’ असे लिहिलेले होते आणि पहिले वर्षभर ते बऱ्यापैकी खरेही होते. भाऊ आपले अंथरूण आपण आवरायचा, पोदेर (पाववाला) आला की सगळ्यांसाठी उंडे, म्हणजे पाव, मोजून घ्यायचा, संध्याकाळी कोणाबरोबर तरी तिठ्यापर्यंत चालून यायचा.

श्रावणात एका बुधवारी मी न कळवता गेले. चतुर्थीला त्याला घरी आणायचे होते, सोबत कोणत्या गोळ्या किती घ्यायच्या ते पाहावे म्हणून औषधांची वही मागितली, आणि तिथे नव्यानेच लागलेल्या मुलीने ती सहज हातात दिली. त्या वहीत शनिवारपर्यंतच्या सगळ्या डोसांसमोर सह्या झालेल्या होत्या, एकाच शाईने, एकाच हाताने. मी तारीख दोनदा वाचली. निघताना शेजारच्या खाटेवरचे वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, ‘‘ताका राती फीट आयिल्ली.’’ महिन्याभरात दोनदा फीट आली होती असे त्यांच्याकडून कळले. आम्हाला एकदाही फोन आला नव्हता.

त्या दिवशी मी कोणालाही जाब विचारला नाही, आणि हेच मला जास्त लागून राहिले आहे. व्यवस्थापक ‘‘पटत नसेल तर घेऊन जा’’ म्हणाले असते, तर माझ्याकडे उत्तर नव्हते. आईकडे त्याला रात्री उचलण्याची ताकद नाही, माझ्या घरी दोन खोल्या आहेत आणि मी दिवसभर नोकरीवर असते. अशा ठिकाणची देखभाल चांगली की वाईट हे बाहेरच्या माणसाने कशावरून ओळखायचे, त्यावर सरकारी देखरेख कोणाची असते, आणि जागा न गमावता तक्रार कशी करायची, हे ज्यांना अनुभवाने माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

फोंड्याचा पालक

ताई, माझी मुलगी 31 वर्षांची आहे आणि स्वमग्न आहे. तिच्यासाठी जागा शोधताना कायदा मला वाचावाच लागला, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये संसदेत संमत झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याच्या कलम 50 प्रमाणे दिव्यांग व्यक्तींसाठीची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. म्हणून पहिले काम हे की प्रमाणपत्र पाहायला मागा आणि त्यावरची मुदत वाचा. कार्यालयाच्या भिंतीवर संस्थापकांचे फोटो आणि सत्काराच्या शाली असतात, पण हा एक कागद मात्र कपाटात असतो, असे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. तो दाखवायला टाळाटाळ झाली, तर संबंधित खात्याकडे माहिती अधिकारात अर्ज करून प्रमाणपत्राची आणि आतापर्यंतच्या तपासणी अहवालांची प्रत मागता येते. 30 दिवसांत उत्तर देणे खात्यावर बंधनकारक आहे. शेवटची तपासणी कधी झाली आणि अहवालात काय लिहिले, एवढ्यावरूनही बरेच कळते.

‘‘घेऊन जा’’ म्हणतील ही भीती माझ्याही मनात होती, म्हणून कलम 52 नीट वाचून घेतले. एखाद्या संस्थेची नोंदणी रद्द झाली, तर तिथे राहणाऱ्या व्यक्तींना पालकांकडे सोपवण्याचा किंवा दुसऱ्या संस्थेत हलवण्याचा आदेश सक्षम प्राधिकारी देऊ शकतो. संस्था बंद पडली तरी माणूस रस्त्यावर येऊ नये, एवढा विचार कायद्याने केलेला आहे. मात्र ती दुसरी जागा प्रत्यक्षात कुठे आहे हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सुटत नाही, हेही मी मान्य करतो.

छळ, हिंसा किंवा शोषण होत आहे असे वाटण्यास कारण असेल, तर कलम 7 प्रमाणे कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतो, म्हणजे आपल्याकडे मामलेदारांनासुद्धा. कळवणारा नातेवाईकच असला पाहिजे अशी अट नाही. शेजाऱ्यालाही कळवता येते. राज्य दिव्यांगजन आयुक्तांना तर साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, त्यामुळे आगाऊ सह्या केलेली वही त्यांच्यासमोर हजर करावी लागू शकते.

बांबोळीची जुनी परिचारिका

मी 26 वर्षे रुग्णालयात काढली आणि निवृत्तीनंतर अशा दोन होममध्ये आठवड्यातून एकदा जात असे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देते, आणि ते थोडे लांबेल.

आगाऊ सह्या झालेल्या वहीकडे केवळ आळस म्हणून पाहू नका. अपस्माराच्या गोळ्यांचे रक्तातले प्रमाण टिकून राहावे लागते. एक-दोन डोस चुकले तरी फीट येऊ शकते, आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली फीट हा जिवावरचा प्रसंग असतो, तेव्हा लगेच 108 ला फोन करायचा असतो. त्यामुळे सही झालेला डोस खरोखर पोटात गेला का हे शोधण्याचा एकच सोपा मार्ग आहे, तो म्हणजे गोळ्या मोजणे. खरेदीच्या पावतीवरची संख्या घ्या, तारखेपासून किती संपायला हव्या होत्या ते काढा आणि पाकिटात उरलेल्या मोजा. हा हिशेब जुळला नाही, तर वहीतल्या सह्यांना काही अर्थ उरत नाही.

फीट येणाऱ्या माणसाच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी बघायच्या. न्हाणीघराचे दार आतून बंद होते का, आणि झाले तर बाहेरून उघडता येते का. तो झोपतो त्या खोलीतला आवाज रात्रीच्या माणसाला ऐकू जातो का. आणि फीट आल्यावर तिची वेळ, ती किती मिनिटे चालली आणि नंतर काय केले, हे लिहायची वेगळी वही आहे का. तुमच्या भावाच्या दोन फीट अशा वहीत लिहिलेल्या आहेत का, हे मी सर्वात आधी पाहिले असते. लिहिलेल्या असतील आणि तरी तुम्हाला कळवले नसेल, तर तो कळवण्यातला दोष आहे. लिहिलेल्याच नसतील, तर दोष मुळाशी आहे.

बाकीचे माणसाच्या अंगावर वाचता येते. पायाची नखे बघा, दात बघा, कानामागची त्वचा बघा. पावसाळ्यात काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत नायटा दिसला, तर अंग नीट पुसले जात नाही किंवा कपडे ओले असतानाच चढवले जातात. दर महिन्याचे वजन मागा. शौचाची नोंद मागायला कोणी लाजू नये, कारण ज्यांना बोलून सांगता येत नाही त्यांच्यात बद्धकोष्ठ वाढत जाऊन जिवावर बेतू शकते आणि अनेक मनोविकारांच्या औषधांनी ते वाढतेही. जेवायच्या वेळेला जाऊन बसा. आपल्याकडे रोजच्या हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, काटे असतात, आणि ज्याला गिळायला त्रास आहे त्याच्या ताटातले काटे कोणी तरी बसून काढतो आहे का, की सगळ्यांना एकाच पळीने वाढून पुढे जातो आहे, हे पाच मिनिटांत कळते.

एक गोष्ट विशेष सांगायची आहे. पूर्वी खळखळून बोलणारा माणूस अचानक दिवसभर झोपाळलेला दिसू लागला, तर औषधांची यादी मागून घ्या आणि प्रत्येक गोळी कोणत्या डॉक्टरांनी, कोणत्या निदानासाठी, कधी सुरू केली ते विचारा. वागणूक ‘आवरण्यासाठी’ मनोविकारावरच्या गोळ्या देत राहण्याची सवय जगभर आहे. इंग्लंडमध्ये ती थांबवण्यासाठी 2016 मध्ये स्वतंत्र मोहीम काढावी लागली. माणसे कमी आहेत म्हणून माणसाला बांधून ठेवणे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 ने स्पष्ट शब्दांत वर्ज्य केले आहे. तो कायदा मानसिक आजारासाठी आहे, केवळ बौद्धिक अक्षमतेला तो लागू होत नाही, पण मनुष्यबळ कमी आहे म्हणून गोळीने बांधणे हेही त्याच जातीचे आहे असे माझे ठाम मत आहे.

स्विंडनहून

मी मूळची डिचोलीची. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात आपल्या गोव्याची माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणी माझ्यासारख्या केअरच्या कामात आहेत. मी सहा वर्षे सपोर्टेड लिव्हिंगच्या, म्हणजे आधार घेत स्वतःच्या घरात राहणाऱ्यांच्या, एका घरात काम करते आहे. इथले सगळे चांगले आणि तिथले सगळे वाईट असे मला म्हणायचे नाही, पण इथल्या रचनेतली एक गोष्ट तुमच्या तिसऱ्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे.

आमच्या घरात चार जण राहतात आणि प्रत्येकाच्या नावावर स्वतंत्र भाडेकरार आहे. घर एका संस्थेचे आहे आणि काळजी देणारी कंपनी दुसरी आहे. कंपनीचे काम वाईट निघाले, तर कंपनी बदलता येते आणि माणूस आपल्या खोलीतच राहतो. त्यामुळे तक्रार करणाऱ्या बहिणीला ‘‘घेऊन जा’’ असे ऐकवण्याचा अधिकार आमच्या व्यवस्थापकाकडे मुळातच नाही. गोव्यात छप्पर आणि काळजी एकाच मालकाच्या हातात असते, आणि ताईंच्या गप्प बसण्याचे मूळ मला तिथे दिसते.

इथेही उणिवा आहेत. केअर क्वालिटी कमिशन ही देखरेख करणारी यंत्रणा आमच्यासारख्या ठिकाणी अंगावरची काळजी तपासते, म्हणजे आंघोळ, जेवण, औषध यांतली मदत. घराची इमारत तिच्या कक्षेत येत नाही. तपासणी पाच प्रश्नांवर असते: काळजी सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, मायेने दिली जाते का, माणसाच्या गरजेप्रमाणे बदलते का, आणि व्यवस्थापन नीट आहे का. हे सगळे असूनही ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू नावाच्या खाजगी रुग्णालयात बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना मारहाण होत होती. 2011 मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने ती दाखवली आणि पुढे 11 कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली. तिथल्याच एका परिचारकाने आधी व्यवस्थापनाला आणि आयोगाला कळवले होते, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. आमच्या प्रशिक्षणात ही घटना आजही शिकवली जाते, आणि ती ऐकताना मला दर वेळी त्या परिचारकाची आठवण राहते, कॅमेऱ्याची राहत नाही.

पूर्वी एक होम चालवलेला

वरील सर्व वाचले. मी आठ वर्षे एक लहान होम चालवले आणि गेल्या वर्षी बंद केले, म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. आगाऊ सह्यांचे समर्थन मी करणार नाही, माझ्याकडे असे झाले असते तर मी त्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर ठेवले नसते. पण त्या सह्या का होतात ते समजून घ्यावे.

रात्री अकरा माणसांमागे एक काळजीवाहक असतो. तो बहुधा ओडिशाचा किंवा झारखंडचा, विशीतला, आणि त्याला कोंकणी कळत नाही. माझ्याकडे राहणारी एक बाई रात्रभर ‘‘पोटांत दुखता’’ म्हणत राहिली आणि मुलाला वाटले की ती नेहमीसारखी बडबडते आहे. सकाळी मी आलो तेव्हा ती घामाने भिजलेली होती. त्या दिवसापासून मी दारामागे कोंकणी शब्दांची हिंदी अर्थासह यादी लावली: दुखता, तान लागल्या (तहान लागली आहे), भंय दिसता (भीती वाटते). अशी यादी आहे का, हे मी कोणत्याही होममध्ये आधी पाहीन.

तपासणीला येणारे अधिकारी वह्याच मागतात. माझ्या आठ वर्षांत एकाही अधिकाऱ्याने राहणाऱ्या माणसाशेजारी बसून त्याला काही विचारले नाही. ज्याची तपासणी कागदावर होते तो कागद सांभाळायला शिकतो, आणि अकरा जणांच्या सतरा वह्या एकट्याने भरणारा मुलगा एक दिवस सगळ्या सह्या एकदम करून मोकळा होतो. पालकांनाही मला एक सांगायचे आहे. कमीत कमी शुल्काची जागा निवडायची आणि रात्री दोन माणसे हवीत असेही म्हणायचे, याचा मेळ बसत नाही. माझ्याकडच्या नऊ कुटुंबांपैकी दोनच कुटुंबे नियमित भेटायला येत. ज्यांच्याकडे कोणी येत नसे त्यांच्या खोलीतला पंखा दुरुस्त व्हायला जास्त दिवस लागत, आणि हे माझ्याच देखरेखीखाली होत होते. आज मला त्याचे फार वाईट वाटते.

मांडवीकाठ

एकच विचारते. या सगळ्यात भावाला कोणी विचारले का? 2016 च्या कायद्याच्या कलम 5 मध्ये समाजात राहण्याचा हक्क त्याचा आहे, आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. पालकत्वसुद्धा आता मर्यादित स्वरूपाचे मानले आहे, म्हणजे निर्णय त्याच्याशी बोलून घ्यायचा असतो. मी विशेष शाळेत शिकवते. आमचा अनुभव असा की होमच्या आवारात ही मुले ‘‘बरें आसा’’ एवढेच म्हणतात. घरी दोन-तीन दिवस राहिल्यावर, हाताला काही काम असताना, बाजूला बसून विचारले तर खरे बाहेर येते.

सांखळीची थोरली

मांडवीकाठ ताईंचा प्रश्न वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. त्याला मी विचारले नव्हते.

चतुर्थीला तो पाच दिवस घरी होता. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधण्याचे काम लहानपणापासून त्याचे आहे, कवंडळाचे फळ कुठे आणि आंब्याचे ताळे (डहाळ्या) कुठे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे उतरवलेली फळे वेगळी करत बसलो होतो तेव्हा मी विचारले. त्याने सांगितले की आता पोदेराकडे जायला देत नाहीत, फाटकाला कुलूप असते. रात्रीचा मुलगा चांगला आहे, पण तो झोपतो. गोळी कधी सकाळी मिळते, कधी ‘‘मागीर’’ (नंतर) म्हणतात. परत जायचे आहे का असे विचारल्यावर तो ‘‘हो’’ म्हणाला, कारण त्याचा मित्र तिथे आहे. तो मित्र म्हणजे शेजारच्या खाटेवरचे तेच गृहस्थ. त्याला तिथून काढून आणणे हाच उपाय असे मी मनात धरून चालले होते, आणि त्याला ते नको आहे.

घरी आणलेल्या पाकिटातल्या गोळ्या परिचारिका ताईंनी सांगितल्याप्रमाणे मोजल्या. महिन्याच्या हिशेबात नऊ गोळ्या जास्त उरल्या आहेत.

फोंड्याचा पालक

नऊ गोळ्या हा पुरावा आहे, तो जपून ठेवा. पावती, पाकीट आणि मोजल्याची तारीख यांचा फोटो काढा, आणि अपस्माराच्या डॉक्टरांना आधी दाखवा, कारण हा प्रश्न तक्रारीच्या आधी उपचाराचा आहे.

तक्रार थेट वर नेण्यापूर्वी व्यवस्थापकांना एक लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात आरोप कमी आणि मागण्या नेमक्या ठेवा, प्रत्येक मागणीसमोर तारीख असू द्या. ते पत्र एकट्या तुमच्या सहीने जाऊ नये. तिथे अकरा माणसे आहेत, म्हणजे अकरा कुटुंबे आहेत. आमच्याकडे आम्ही सहा पालकांनी पाळी लावली आहे. दर आठवड्याला एकजण न कळवता जातो, आणि आपल्याच मुलाला भेटून परतत नाही, ज्यांचे कोणी येत नाही त्यांच्याजवळही बसतो. एका कुटुंबाला ‘‘घेऊन जा’’ म्हणता येते, सहा कुटुंबांना म्हणणे कठीण असते. तुमच्या भावाचे पालकत्व राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली स्थानिक स्तर समितीकडून घेतलेले नसेल, तर तेही आईच्या हयातीत करून घ्या.

बांबोळीची जुनी परिचारिका

पत्रात रात्रीच्या माणसाला फीटच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षण मागायला विसरू नका. कुशीवर वळवणे, तोंडात काही न घालणे, घड्याळ बघणे, एवढे तासाभरात शिकवता येते. हवे असेल तर मी येऊन शिकवीन.

सांखळीची थोरली

जे झाले ते लिहिते. त्या होममधल्या पाच कुटुंबांशी संपर्क झाला, चौघांनी पत्रावर सही केली. पाचव्या घरातल्या वहिनी सही करायला घाबरल्या, पण पाळीला येते म्हणाल्या. व्यवस्थापकांनी पत्र आमच्यासमोर दोनदा वाचले. आगाऊ सह्या झाल्याचे त्यांनी मान्य केले आणि आठवड्याच्या गोळ्या वारांप्रमाणे कप्पे असलेल्या डबीत भरून ती डबी कुटुंबाला केव्हाही दाखवण्याचे लिहून दिले. फीट आल्यावर त्याच रात्री फोन करायचा हेही मान्य झाले. पोदेर येतो त्या वेळी अर्धा तास फाटक उघडे राहील आणि एक काळजीवाहक तिथे उभा असेल. नोंदणी प्रमाणपत्र मात्र ‘‘नूतनीकरणाला दिले आहे’’ म्हणून दाखवले गेले नाही, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज मी सोमवारी दिला. रात्री दुसरा माणूस ठेवण्यासाठी शुल्क वाढवावे लागेल असे ते म्हणतात. त्यांनी खर्चाचा हिशेब दाखवला तर वाढ द्यायला तीन कुटुंबे तयार आहेत, दोघांना ती परवडणारी नाही, आणि त्यावर अजून तोडगा निघालेला नाही.

परिचारिका ताई, शनिवारी दुपारी तीन वाजता रात्रीचा मुलगा आणि ती नवी मुलगी दोघेही प्रशिक्षणाला थांबणार आहेत. सांखळीच्या बसस्थानकावर मी आपल्याला घ्यायला येईन. जाताना डबीतल्या गोळ्या आपण दोघी मिळून मोजू.